सेल्फ काढताना



न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा या व्यासपीठावरून कोणी फटफटीवर बोलेल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी भीतभीतच सांगितले, की जुन्या मोटारसायकलीला दुसरे इंजिन बसवताना त्याचा सेल्फ काढावा की ठेवावा, यावर मला बोलायचे आहे. चालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बोला, पण बायामाणसांनाही कळेल असे बोला." ही अट मी आनंदाने मान्य केली, कारण माझ्या विषयाचा बायामाणसांशी जो संबंध आहे तो मिस्तरी लोकांशीही नाही. तो कसा, हे पुढे येईलच.

हे धुळे म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचे गाव. १९२६ साली त्यांनी देह ठेवला तो याच गावात, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही येथे उभे आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत. आम्ही तंत्रशाळेतले मास्तर भंगार बाजारातून जुनी इंजिने गोळा करीत असू. तुलना धाष्टर्याची आहे, पण एका बाबतीत ती खरी आहे. जुन्या वस्तूतला कोणता भाग टाकाऊ आणि कोणता जपण्यासारखा, हे आधी कळत नाही. बाड विकून टाकल्यावर मग कळते.

आता विषयाकडे वळतो. आपल्या खानदेशात, म्हणजे धुळ्यापासून फागणे, पारोळा, एरंडोल करीत जळगावपर्यंत आणि तेथून पुढे भुसावळ, यावल, रावेरपर्यंत, जुनी मोटारसायकल सहसा मरत नाही. शहरात गाडी जुनी झाली म्हणजे विकतात. खेड्यात ती शेतावर जाते. दुधाचे कॅन, खताची गोणी, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी, केळीचे घड, आणि वेळप्रसंगी तिघे माणसे, असा सगळा संसार ती वाहते. सांगाडा धडधाकट राहतो, इंजिन मात्र थकते. दट्ट्या झिजतो, निळा धूर येतो, चढावर दम लागतो. अशा वेळी मालक दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर इंजिन उघडून बोअर करून घेतो, नाही तर अपघातात मोडलेल्या एखाद्या गाडीचे चांगले इंजिन आणून आपल्या सांगाड्यात बसवतो. याला आमच्याकडे 'इंजिन टाकणे' म्हणतात.

हे शक्य होते याचे कारण इंजिनांचीही घराणी असतात. हिरो होंडाची सी.डी. हंड्रेड १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोहोंचे इंजिन सत्त्याण्णव पूर्णांक दोन सीसीचे, आडव्या नळकांड्याचे, एकाच घराण्यातले. त्यामुळे धाकट्याचा अंगरखा थोरल्याला चढवावा तसे पुढचे इंजिन मागच्या गाडीला थोड्याफार खटपटीने चढते. राजदूत किंवा येझदी यांची गोष्ट वेगळी. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि भाग मिळेनासे झाले, म्हणून लोकांनी त्यांत भलत्याच घराण्याची इंजिने कोंबली. येझदीचा मला अजूनही लळा आहे. तिची किक हीच तिची गियर टाकण्याची दांडी. एकाच लोखंडी बोटाने ती चालूही होई आणि पळूही लागे. पण भलत्या घराण्याचे इंजिन घालणे हे कायद्याला मान्य नाही, हे येथेच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या १९८८ च्या अधिनियमातले बावन्नावे कलम या बाबतीत स्पष्ट आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याने नमूद केलेल्या रूपात फरक करता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच घराण्याचे इंजिन घालायचे तरी इंजिनाचा नंबर पुस्तकात बदलतो. आपली गाडी एम.एच. अठराची असो की एकोणीसची, आधी आर.टी.ओ. कचेरीत जाऊन परवानगी घ्या, आणि इंजिन आणल्याची पावती जपून ठेवा. चोरीच्या गाडीचे इंजिन स्वस्त मिळते, ते का स्वस्त मिळते हे पोलीस नंतर समजावून सांगतात.

तर असे हे पुढच्या काळातले इंजिन जेव्हा मागच्या काळातल्या गाडीत येते, तेव्हा त्याच्या अंगावर एक जास्तीचा दागिना असतो. तो म्हणजे सेल्फ. बटण दाबले की इंजिन सुरू करणारी छोटी विजेची मोटर. जुनी गाडी केवळ किकची. तिला मोठी बॅटरी ठेवायला जागा नाही, मुठीवर बटण नाही, वायरिंग नाही. राजदूत, येझदी आणि जुन्या बुलेटची तर वीजच सहा व्होल्टची. बारा व्होल्टची मोटर तिच्यावर हलायचीही नाही. कधी मोटर सांगाड्याच्या नळीवर आदळते आणि इंजिन जागेवर बसतच नाही. मग मिस्तरी विचारतो, "भाऊ, सेल्फ काढून टाकू का?" आणि भाऊ म्हणतो, "टाक काढून, किक आहे ना!" एवढ्या चार शब्दांत निकाल लागतो. मी स्वतः असे निकाल किती वेळा दिले त्याची गणती नाही.

हा सेल्फ आला कोठून, हे थोडक्यात सांगतो. मोटारगाडीला पूर्वी पुढून दांडा घालून फिरवावे लागे. इंजिन उलटे फिरले तर दांडा हाताला, जबड्याला बसे. हाडे मोडत, क्वचित माणूसही दगावे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने यावर उपाय काढला. तो आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याच्या कामावर होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते, आणि त्या क्षणी मात्र ती जोरकस लागते. मोटारीचेही तसेच आहे, हे त्याने ओळखले. दिवसभर चालणारी मोटर नको. तीन सेकंद जीव तोडून ओढणारी हवी. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर त्याचा सेल्फ बसला आणि पाहता पाहता दांडा इतिहासजमा झाला. मनगटात बळ नसलेल्या माणसाला मोटार चालवता येऊ लागली. बायका मोटार हाकू लागल्या त्याला इतर कारणे असतील, पण हेही एक होते.

मोटारसायकलीवर हा प्रयोग लगेच झाला आणि लगेच फसला. 'इंडियन' या अमेरिकन कंपनीने १९१४ साली सेल्फ असलेली मोटारसायकल बाजारात आणली. त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार झेपेना आणि कंपनीने ती गाडी थोड्याच काळात मागे घेतली. म्हणजे सेल्फ काढण्याचा प्रश्न सेल्फच्या जन्माइतकाच जुना आहे. पुढे १९६५ साली हार्लेच्या मोठ्या गाडीवर आणि १९६९ साली होंडाच्या साडेसातशे सीसीच्या गाडीवर तो आला तो टिकण्यासाठी. आपल्याकडे तो घराघरांत शिरला १९८४ साली कायनेटिक होंडा स्कूटरबरोबर. तिचा कारखाना पिथमपूरला, म्हणजे येथून आग्रा रोडने सरळ वर गेले की इंदूरच्या अलीकडे. गियर नाही, किक मारायची गरज नाही; बटण दाबा आणि चला. शाळेतल्या बाई, बँकेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर या स्कूटरवर दिसू लागल्या. त्यापूर्वी धुळ्याच्या रस्त्यावर गाडी चालवणारी बाई दिसली की पोरे मागे धावत. हे मी पाहिलेले आहे, आणि त्या पोरांत मीही होतो.

आता यंत्राकडे येऊ. सेल्फ म्हणजे केवळ ती मोटर नव्हे, हे ज्याला कळले त्याला अर्धा विषय कळला. सेल्फ ही पाच जणांची टोळी आहे. मोटर, तिची ओढ इंजिनापर्यंत नेणारी दातेरी चाके, किंवा आडव्या इंजिनांत पुष्कळदा एक छोटी साखळी, मॅग्नेटच्या पाठीमागे बसलेला वन-वे क्लच, बॅटरीपासून जाड वायरने वीज आणणारी रिले, आणि मुठीवरचे बटण. यातला वन-वे क्लच सायकलच्या फ्रीव्हीलसारखा समजा. सायकल उतारावर धावत असताना तुम्ही पायडल थांबवले तरी चाक फिरतच राहते आणि कटकट असा आवाज येतो. तसेच येथे. मोटर इंजिनाला फिरवू शकते, पण इंजिन पेटून मोटरपेक्षा जोरात धावू लागले की क्लच सुटतो आणि मोटर मागे राहते. आत तीन बारीक रोळ आणि तीन स्प्रिंगा, एवढेच पुष्कळ इंजिनांत असते. कामगिरी मात्र मोठी.

मिस्तरी घाईत असला की दोन बोल्ट खोलून मोटर तेवढी काढतो आणि बाकीची टोळी तशीच ठेवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने असेच केले. हुशार मुलगा, हात सोन्याचा, पण घाई फार. मोटर काढली, साखळी आतच राहिली. एका टोकाला मोटर नाही म्हटल्यावर साखळीला ताण कसला? गाडी पारोळ्याहून धुळ्याकडे निघाली, आणि मुकटी सोडल्यावर आतून खडखडाट झाला. सुटी साखळी फिरत्या मॅग्नेटमध्ये अडकली होती. बाजूचे झाकण फुटले, गाडी जागच्या जागी आवळली गेली आणि मागचे चाक घसरले. रस्ता नागपूर-सुरतेचा, मागे मालमोटारींची रांग. मुलगा बाजूच्या शेतात पडला म्हणून वाचला. काळ्या मातीच्या त्या नांगरटीला मी अनेकदा शिव्या दिल्या आहेत, त्या दिवशी मात्र नमस्कार केला.

दुसरी चूक विजेची. मोटर काढली, पण रिले आणि बटण ठेवले, आणि मोटरला जाणाऱ्या जाड वायरचे उघडे टोक सांगाड्याला बांधून ठेवले. एरव्ही त्या वायरमध्ये वीज नसते. ती येते बटण दाबल्यावर. आता गाडी उभी आहे, किल्ली लावलेली आहे, टाकीवर नातू बसला आहे. नातवाचे बोट कोठे जाईल ते मी सांगायला नको. गाडीचा पुढचा दिवा पस्तीस वॅटचा धरला तर त्याला तीन अँपिअरही लागत नाहीत. सेल्फच्या वायरमधून त्याच्या दसपटीहून अधिक प्रवाह जाऊ शकतो, आणि या वाटेवर बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. वायर लाल होते, वरचे रबर जळते, आणि पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर असते. म्हणून सेल्फ काढायचा तर बॅटरीकडून सुरुवात करावी. आधी रिले आणि जाड वायर पूर्ण बाहेर, मग मोटर.

तिसरी गोष्ट भोकाची. मोटर निघाली की इंजिनाच्या अंगाला भोक पडते. ज्या इंजिनात मॅग्नेटच्या बाजूला तेल फिरते तेथे भोकातून तेल गळते, आणि तेल संपले की इंजिन जाम होते. जेथे ती बाजू कोरडी असते तेथे बाहेरचे आत शिरते. आमच्या कपाशीच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती कोठे शिरणार नाही? पावसाळ्यात पाणी शिरते आणि मॅग्नेट गंजतो. हे भोक कोणी चिंधी कोंबून बंद करतो, कोणी एम-सील लावतो, कोणी वेल्डिंगवाल्याकडे नेऊन कायमचे बुजवतो. चांगले काम म्हणजे लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचे टोपण करून घ्यावे, त्याला मोटरच्याच मापाची ओ-रिंग घालावी आणि मोटरच्याच दोन बोल्टांनी ते आवळावे. लेथवाल्याला हे अर्ध्या तासाचे काम आहे. हे टोपण लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

वन-वे क्लच काढायचा तर मॅग्नेट उतरवावा लागतो. तो पुलरने उतरवावा, हातोड्याने नव्हे. मॅग्नेट आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराची एक इवलीशी चावी असते. ती हरवली किंवा कापली गेली तर ठिणगी भलत्या वेळी पडते, आणि किक उलटी येते. उलटी किक म्हणजे काय हे ज्याने जुनी बुलेट चालवली त्याला विचारा. मद्रासला एनफील्डचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्या पिढीने तिची पूजा बांधली. आधी डाव्या मुठीखालची डीकंप्रेसरची पट्टी ओढायची, मीटरचा काटा मध्यावर आणायचा, किक हळूच वर घ्यायची, मनातल्या मनात कुलदैवताचे नाव घ्यायचे, आणि मग एकच लाथ. विधीत चूक झाली तर ती लाथ आपल्यालाच परत मिळे. त्या लाथेने लंगडत चालणारे दोन गृहस्थ माझ्या माहितीत होते, आणि दोघांनाही त्याचा अभिमान होता!

हा अभिमान हाच मला आजच्या विषयातला खरा अडथळा वाटतो. सेल्फ काढताना आपण कारणे सांगतो ती अशी: वजन कमी होते, बॅटरीचा खर्च वाचतो, बिघडायला एक वस्तू कमी. वजनाचे म्हणाल तर मोटर, क्लच आणि मोठी बॅटरी मिळून दोन डझन केळ्यांएवढे भरेल. जी गाडी केळीचे घड वाहते तिला दोन डझनांचे काय? बॅटरीचे कारण मात्र खरे आहे. किकच्या गाडीला अडीच अँपिअर-तासांची बॅटरी पुरे होई. सेल्फला त्याहून मोठी लागते, आणि खानदेशच्या उन्हात ती लवकर मरते. शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा, की दहा अंश उष्णता वाढली की आयुष्य निम्म्यावर येते. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गाडी पत्र्याच्या छपराखाली उभी असते. तेव्हा दर दोन वर्षांनी बॅटरी घेणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, हे मी नाकारीत नाही. शिवाय जुन्या धर्तीच्या कित्येक इंजिनांत ठिणगीची वीज थेट मॅग्नेटमधून येते. बॅटरी साफ मेली तरी किकने गाडी सुरू होते. हे किकचे मोठेच ऐश्वर्य आहे. अलीकडच्या गाड्यांत ते उरलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत सहा हे प्रदूषणाचे मान लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल फवाऱ्याने येते, आणि तो फवारा व त्याचा हिशेब ठेवणारी पेटी या दोघांना वीज हवी. तेथे नुसत्या किकचा भरवसा धरता येत नाही. काही नव्या इंजिनांना तर किकच नाही. बुलेटच्या घराण्यातल्या क्लासिक गाडीची किकसुद्धा २०२१ च्या नव्या इंजिनाबरोबर गेली. अशा इंजिनाचा सेल्फ काढला तर उरते ते ढकलणे. म्हणून सेल्फला हात लावण्यापूर्वी इंजिनाला किकचा दांडा आहे ना, आणि तो फिरतो ना, एवढे तरी पाहावे. हे सांगावे लागते, कारण न पाहणारे मी पाहिले आहेत.

पण कारणांच्या मुळाशी ते "किक आहे ना" असते. किक मारणारा पाय आपला असतो, आणि तो पाय आज जसा आहे तसाच राहील असे आपण गृहीत धरतो. आता माझ्या घरची हकीकत सांगतो. सांगावी की न सांगावी याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी वहिनी म्हणाली, "सांगा भाऊजी, त्यात लपवायचं काय?"

माझा थोरला भाऊ एरंडोल तालुक्यात शेती करतो. त्याची जुनी शंभर सीसीची गाडी मीच दुरुस्त करीत असे. तिचे इंजिन संपले तेव्हा त्याच घराण्यातले सेल्फवाले इंजिन मी जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजातून पाहून आणले आणि स्वतःच्या हाताने बसवले. सेल्फ काढला. आत्ता तुम्हाला सांगितले तसे सगळे व्यवस्थित केले: साखळी काढली, क्लच काढला, वायर काढली. फक्त भोक मी वेल्डिंगने बुजवले. मला वाटले, कायमचे काम झाले. मोटर भंगारवाल्याला दिली. दादा खूश होता. तो तेव्हा पंचावन्न वर्षांचा, आणि त्याची किक अशी की कोंबडीने पंख झटकावा तितक्या सहज गाडी सुरू.

चार-पाच वर्षांनी दादाचा गुडघा धरला. तो गाडी कमी वापरू लागला. पुतणी वापरू लागली. ती वीस वर्षांची, शहरात शिकणारी, लायसन्स काढलेली. घरून निघताना बाप किंवा शेजारचा कोणी तिला किक मारून देई आणि ती जाई. परत येताना कॉलेजच्या फाटकावरचा शिपाई मारून देई. हे सगळे इतके सुरळीत चालले होते, की तिला किक मारता येत नाही ही गोष्ट आमच्या कोणाच्या लक्षातच आली नाही. बारीक अंगाची मुलगी. किकवर उभी राहिली तरी किक अर्धीच खाली जाई.

त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. दादा रात्री केळीच्या बागेत पाणी भरायला गेला. ठिबकची नळी सरकवताना त्याच्या हाताला विंचू चावला. आपल्या महाराष्ट्रातला लाल विंचू काय करू शकतो ते आपल्याला माहीत आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्रॅझोसिनच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून माणसे वाचतात. पण गोळी वेळेवर पोटात जावी लागते. दादा घरापर्यंत आला तोच घामाने भिजून. हातपाय थंडगार. गाव झोपलेले. पुतणीने त्याला ओट्यावर बसवले आणि गाडी काढली.

तिने किती किक मारल्या ते तिलाही आठवत नाही. दहाव्या-बाराव्या किकेनंतर पेट्रोल जास्त झाले आणि इंजिन आणखीच रुसले. वहिनी शेजारी धावली. चुलतभाऊ मळ्यात होता, त्याला हाक पोचायला वेळ लागला. तो आला, त्याने गाडी उतारावर ढकलली आणि ती सुरू झाली. मग पुतणी पुढे, मधे दादा, मागे चुलतभाऊ धरून, असे ते तालुक्याच्या दवाखान्यात पोचले. दादा वाचला. डॉक्टरांनी एवढेच विचारले, की चावून किती वेळ झाला. पुतणीने वेळ सांगितली आणि ती रडू लागली. त्यातला अर्धा तास ओट्यासमोर गेला होता.

मला दुसऱ्या दिवशी कळले. मी गेलो. दादाने गाडीचे नावसुद्धा काढले नाही. चहा झाल्यावर वहिनीने विचारले, "भाऊजी, ते बटण परत बसंल का?"

आणि मला नाही म्हणावे लागले. म्हणजे बसेल, पण सहज बसणार नाही. भोक मी बुजवले होते. मोटर मी विकली होती. रिलेचा पत्ता नव्हता, क्लच कोणत्या डब्यात टाकला ते आठवत नव्हते. परत बसवायचे तर इंजिन उतरवून, दोन भाग वेगळे करून, एक बाजूचा अर्धा क्रँककेस दुसरा आणायचा. ज्या कामाला टोपणाचे दोन बोल्ट खोलणे पुरले असते त्याला मला नऊ दिवस लागले. मिस्तरी म्हणून माझी यापेक्षा वाईट परीक्षा झालेली नाही. परीक्षक कोणी रागावलेले नव्हते, हे त्यातले अवघड.

तेव्हापासून कोणी माझ्याकडे इंजिन टाकायला आला, की मी आधी घरची चौकशी करतो. लोकांना नवल वाटते. पाना हातात घेऊन हा म्हातारा विचारतो, घरात गाडी कोण कोण चालवतो? मुलगी किती वर्षांची? आबांचा गुडघा कसा आहे? बायकोला शिकायची आहे का? एकाने तर सरळ सांगितले, "मास्तर, तुम्हाला इंजिन बसवायचं का सोयरीक जमवायची?" मी म्हणालो, दोन्हीला चौकशी सारखीच लागते. घरात एकटाच धट्टाकट्टा माणूस, गाडी शेतापुरती, बॅटरीला जागा नाही, तर सेल्फ काढायला माझी हरकत नाही. मग मी लेथचे टोपण करतो, मोटर स्वच्छ पुसून, ग्रीस लावून, ओ-रिंगसकट जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळतो. क्लच, साखळी, रिले, बटण, सगळे एका डब्यात घालून त्यावर गाडीचा नंबर लिहितो आणि डबा मालकाच्या हातात देतो. भंगारात द्यायचा नाही असे बजावतो. काही जण तरी देतातच. त्याला इलाज नाही.

जेथे घरात दुसरे कोणी चालवणारे आहे तेथे मी सेल्फ काढीतच नाही. सांगाड्याची बॅटरीची पेटी कापून मोठी करतो, वायरिंगवाल्याकडून नवी तार ओढून घेतो, फ्यूज घालतो, आणि सहा व्होल्टची वीज असेल तर दिवे, हॉर्न, सगळे बाराचे करायला लावतो. नाही तर पहिल्याच रात्री दिवे उडतात. खर्च वाढतो. मालक कुरकुरतो. मग मी त्याला विंचवाची गोष्ट सांगतो, दादाचे नाव न घेता. आज प्रथमच नाव घेऊन सांगितली.

दादाच्या गाडीचा सेल्फ आता बसला आहे. पुतणीला एरंडोलच्या पुढच्या एका शाळेत नोकरी लागली, ती रोज त्याच गाडीवर जाते. उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी ती स्वतः पाहते. तेवढे मी तिला शिकवले. दादाला मात्र बटण पसंत नाही. सकाळी ती निघायच्या आधी तो अंगणात येतो, गुडघ्याला हात लावून गाडीवर एक किक मारून देतो आणि इंजिन चालू ठेवून आत जातो. ती गप्प बसते. वळणापर्यंत जाते, गाडी बंद करते, पदर खोचते, हेल्मेट घालते, आणि बटण दाबून पुन्हा निघते.

माझे बोलणे येथे संपले. प्रश्न असतील तर विचारावेत. बुलेटविषयी असतील तर सभा संपल्यावर बाहेर विचारावेत, ते लांबतात.